सांडपाण्याचं विरजण

११ जून. आज दुधाचे कॅन घासायचे आहेत. ॲल्युमिनियमचे जुने कॅन, झाकणांना साखळ्या असलेले. वीस-बावीस वर्षांत त्यांत दुधाचा थेंब पडलेला नाही. उद्या सकाळी त्यांत आमच्या टाकीतला जिवंत गाळ भरायचा आणि पलीकडच्या सेक्टरमधल्या नव्या प्लांटला न्यायचा. गाळाचा टँकर परवा जाईलच, पण पहिलं विरजण या कॅनमधूनच जायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. हा रिवाज पाडणारा माणूस आता कोकणात, खाडीकाठच्या आपल्या घरी असतो आणि त्याला कमी ऐकू येतं.

घासायचं काम दुसऱ्या कुणावर सोडता येईल. मी सोडत नाही. हात कामात असले की जुनं नीट आठवतं, आणि या माणसाबद्दल एकदा लिहायचंच होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दिल्लीत, आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. रविवारची सकाळ होती. आई पोह्यांना फोडणी देत होती. दारात स्कूटर लावून एक उंच, काळेसावळे गृहस्थ आत आले, खुर्चीवर बसले आणि बाबांना म्हणाले, "यमुनेपलीकडच्या नव्या वसाहतीत तुम्हाला फ्लॅट मिळालाय. कुलूप लावून ठेवलाय. राहायला कधी येताय?"

"रिटायर झाल्यावर बघू," बाबा म्हणाले.

"तोवर माझी मंडळी उपाशी मरतील."

आई झारा घेऊनच बाहेर आली. "अगं बाई! किती जण आहेत घरी?"

"घरी मी एकटाच. टाकीत कोट्यवधी आहेत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या दिवसांत दिल्लीच्या चारी बाजूंना नव्या वसाहती उठत होत्या. रंगीत माहितीपत्रकं निघत, त्यांत पोहण्याचे तलाव आणि गोरी मुलं असत. फ्लॅट भराभर विकले जात, पण राहायला कोणी येत नसे, कारण बस नव्हती, दूधवाला नव्हता, दिवे नव्हते. आमच्या वसाहतीत मात्र इतर काही व्हायच्या आत सांडपाण्याचा छोटा प्लांट बांधून तयार झाला होता. पाणी साफ करतात ते टाकीतले जिवाणू, आणि त्यांचं अन्न म्हणजे माणसांचं सांडपाणी. माणसंच नाहीत, तर ते खाणार काय? म्हणून प्लांटचे हे प्रमुख इंजिनिअर वाटपाच्या ऑफिसातून पत्ते मिळवून दर रविवारी दिल्लीभर हिंडत आणि लोकांना घरं बदलायची विनंती करत. दिल्लीत पाहुणे येऊ नयेत म्हणून लोक पत्ता लपवतात. हे गृहस्थ विचारत, "गावाहून कोणी येणार आहे का? आठवडाभर ठेवून घ्या."

बाबांना ते आवडले. बोलता बोलता त्यांनी सांगून टाकलं की मुलगी एम.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन, सध्या रिकामीच आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाक कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "फोडणी जळतेय."

फोडणी खरंच जळत होती. दुसऱ्या महिन्यात मी प्लांटवर तात्पुरती केमिस्ट म्हणून लागले. आई बरेच दिवस शेजारणींना सांगत होती की मुलगी 'पाणी खात्यात' आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही 'साहेब' म्हणायचो, बाकी सगळे 'इंजीनियर साब'. मला ते कायम 'केमिस्टबाई' म्हणाले, अगदी मी या प्लांटची प्रमुख झाल्यावरसुद्धा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळा दाखवलीच नाही. हवेच्या टाकीवर नेलं. तिथे तपकिरी पाणी सतत उकळल्यासारखं उसळत असतं. त्यांनी दोरीला बांधलेला मग आत सोडला, भरून वर घेतला आणि माझ्या नाकाखाली धरला.

"वास?"

मी श्वास रोखून धरला होता. तो सोडावा लागला. घाण वास नव्हता. ओल्या मातीचा होता, नुकत्याच नांगरलेल्या शेताचा.

"मातीचा," मी म्हटलं.

"मातीचा असेल तर मंडळी सुखात आहेत. सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडतेय. काहीच वास आला नाही तर मला झोपेतून उठवायचं. बाकी तुमच्या नळ्या, बाटल्या नंतर. त्या लागतातच, वरच्यांना आकडे लागतात."

रोज सकाळी तेच. नमस्कार नाही, चहा नाही, पहिला शब्द "वास?" बाहेरगावी गेले तर फोन करून विचारत. ट्रंक कॉलचे पैसे त्यावर खर्च करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाण्यावरून त्यांना वसाहतीतलं सगळं कळायचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी टाकीत गुलाबी फेस यायचा, तेव्हा ते हुकमसिंगला, म्हणजे आमच्या पंपचालकाला, म्हणायचे, "आज हवा ज़्यादा दो, मंडळी को चढ़ गई है." क्रिकेटच्या मॅचमध्ये लंचची सुट्टी झाली की पाण्याचा लोंढा यायचा. आणि पांढरा, साबणाचा, न विरणारा फेस पहिल्यांदा दिसला तेव्हा ते उत्साहाने ओरडले, "बी ब्लॉकमध्ये वॉशिंग मशीन आलं! लोक राहायला लागले!" त्या फेसाने आमची टाकी आठवडाभर आजारी होती, पण त्यांना आनंद झाला होता.

सगळ्यात मोठं खूळ म्हणजे भरती. आमच्या शेवटच्या उथळ तळ्यापलीकडे लोखंडी झडप आहे आणि झडपेपलीकडे झील, म्हणजे जुनं पाणथळ तळं. पूर्वी पावसाळ्यात नदी फुगली की झिलीत पाणी शिरे. नदीला बांध झाला आणि ते बंद झालं. आता आमच्या प्लांटचं साफ पाणी गेलं तरच झील ओली. नियमाप्रमाणे झडप थोडी उघडी ठेवून दिली की पाणी आपोआप जात राहील. साहेबांना ते मान्य नव्हतं. ते खाडीकाठी वाढलेले. घरासमोर तिवरांची झाडं, चिखलात खेकडे, आणि दिवसातून दोनदा पाणी येणार, दोनदा जाणार. त्यांच्या मते पाणथळ जागा अशी श्वास घेते. कायम तुंबलेलं पाणी ठेवलं तर ती कुजते. म्हणून ते सकाळी झडप उघडत, दुपारी बंद करत, संध्याकाळी पुन्हा उघडत. "समुद्र इथून लांब आहे," ते म्हणायचे, "म्हणून त्याचं काम मला करावं लागतं."

हुकमसिंग बाजूच्याच गावचा, मिशीवाला, कोणाचं ऐकून घेणारा नव्हे. पण काही महिन्यांत तोही सकाळी येऊन विचारू लागला, "साब, भरती छोड़ दूँ?" त्याने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पाणी ओसरलं की चिखलावर बगळे उतरत, शेराटीसारखे लांब चोचीचे पक्षी चिखल उपसत. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येत. पहिला थवा आला की साहेब मला प्रयोगशाळेतून बोलावून घेत आणि अभिमानाने सांगत, "माझ्या पाण्यावर उतरलेत."

चहाही तिथेच. कोणीही आलं, कंत्राटदार असो की सोसायटीचे लोक, ऑफिसात खुर्ची मिळायची नाही. हवेच्या टाकीशेजारी टेबल मांडलेलं असे. लोक नाकाला रुमाल लावून बसत. साहेब त्यांच्या हातात गरम कप देत आणि गप्प राहत. एकदा मी कारण विचारलं. "केमिस्टबाई, रुमाल आणि कप एकाच वेळी तोंडाशी नेता येत नाहीत," ते म्हणाले. "एकदा रुमाल खाली आला की माणूस आपला."

मे-जून आमचा दुष्काळाचा. शाळांना सुट्टी लागली की वसाहतीतली जेमतेम वस्तीही आपापल्या गावी जायची. कोणी गढवालला, कोणी पाटण्याला, तोवर तिथे राहायला गेलेलो आम्ही साताऱ्याला. टाकीला काही मिळायचं नाही. मग साहेब गुळाच्या ढेपी आणवत, आजूबाजूच्या गोठ्यांतून शेण आणवत, आणि ते कालवून टाकीत सोडत. गुळाचं बिल पाहून लेखा विभागातून विचारणा आली की प्लांटवर गूळ कोण खातं. साहेबांनी उत्तर पाठवलं, "कर्मचारी." ते खोटं नव्हतं.

आता हे कॅन आले त्या जूनबद्दल.

वरच्या ऑफिसात कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की हा प्लांट क्षमतेच्या मानाने अगदी थोडं पाणी साफ करतो. प्रस्ताव तयार झाला. प्लांट बंद करायचा, पाइप सरळ मोठ्या नाल्याला जोडायचा. प्रस्तावासोबत नकाशा होता. त्यात झिलीच्या जागी प्लॉट आखलेले होते, कोपऱ्यात क्लबहाउससुद्धा होतं. आमचं पाणी थांबलं की झील एका उन्हाळ्यात वाळणार आणि मग तिला झील कोण म्हणणार? खात्याचे सचिव स्वतः पाहणीला येणार आणि जागेवरच सही करायची की नाही ते ठरवणार. तारीख आली, जूनच्या मध्यातली. नेमका आमचा दुष्काळ.

साहेबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून निरोप धाडले की गावाहून जरा लवकर परत या. आणि लोक खरंच आले. इतकी वर्षं हा माणूस त्यांच्या दारात उभा राहून 'या, राहा, पाहुणे बोलवा' म्हणत आला होता. लोक त्याची टिंगल करत, पण तो त्यांचाच होता. टाकी भरली, गाळ गडद तपकिरी झाला, वास उत्तम. पाहणीला चार दिवस उरले होते आणि आम्ही तयार होतो.

त्या रविवारी दुपारी हुकमसिंग धावत आला. जाळीतून येणारं पाणी दुधासारखं पांढरं होतं. मी दोरीचा मग भरून घेतला. फिनाइलचा भपका आला. पाणी येतच राहिलं. संध्याकाळपर्यंत टाकीचा रंग उतरून राखाडी झाला आणि गाळ चोथ्यासारखा वर तरंगू लागला. मी मग वर घेतला, हुंगला आणि साहेबांकडे पाहिलं.

"वास?"

"काहीच नाही."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष मिसेस खन्ना उतरल्या. पदर खोचलेला, चेहरा घामाने चमकणारा. "इंजीनियर साब! मुबारक हो! आज हमने पूरी कॉलोनी की नालियाँ चमका दीं. हर घर में फिनाइल, हर घर में तेजाब. ब्लीचिंग पाउडर का तो पूरा बोरा. अब देखें कौन आपकी नाक कटवाता है!"

हुकमसिंगने डोक्याला हात लावला. मी तोंड उघडणार होते. साहेबांनी हाताने मला थांबवलं. मेलेल्या टाकीशेजारची खुर्ची त्यांनी बाईंसाठी ओढली आणि म्हणाले, "बहुत शुक्रिया, बहनजी. बैठिए. चाय पीके जाइए." बाईंनी सावकाश चहा प्यायला. त्या गेल्यावर साहेब झडपेशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने घट्ट बंद केली. त्या संध्याकाळी भरती सुटली नाही.

सकाळी मी आले तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. "केमिस्टबाई, दही बिघडलं तर काय करता?"

"शेजारून विरजण आणते."

"चला मग."

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुना, मोठा प्लांट होता. तिथल्या प्रमुखाला त्यांनी फोन केला होता. टँकर मागायला वेळ नव्हता, त्याला तीन सह्या लागतात. हुकमसिंगच्या भावाचा दुधाचा धंदा होता. त्याचा टेम्पो आणि कॅन हुकमसिंगने कसे आणले ते मी विचारलं नाही. तिथे आम्ही जिवंत गाळ भरून घेतला, काठोकाठ नाही, थोडी हवा ठेवून. अडचण एकच होती. या गाळाला हवा लागते. झाकण लावून ठेवला तर उन्हात तो घरी पोचायच्या आत मेला असता. म्हणून झाकणं उघडी, मी मागे टेम्पोत, आणि हातात बांबू. हुकमसिंग टेम्पो चालवत होता आणि त्याच्या शेजारून साहेब दर सिग्नलला मागे वळून ओरडत, "ढवळा, केमिस्टबाई, ढवळा!" रिंग रोडवर शेजारी थांबलेल्या मारुतीतल्या बाईंनी काच खाली केली, वास घेतला आणि काच वर केली.

दिल्लीच्या सीमेवर हवालदाराने काठी आडवी केली.

"क्या है? दूध?"

"नहीं," साहेब म्हणाले. विरजणाला त्यांनी हिंदी शब्द शोधला, "जामन."

"किस चीज़ का जामन?"

साहेबांनी खरं तेच सांगितलं. हवालदाराचा विश्वास बसला नाही. तो मागे चढला, कॅनमध्ये वाकला आणि चटकन सरळ झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, आप पढ़ी-लिखी लगती हैं."

"एम.एस्सी.," मी ढवळत म्हटलं.

त्याने काठी बाजूला केली. जाताना म्हणाला, "बदबू तो वैसी नहीं है, जैसी होनी चाहिए थी."

"सुना?" साहेब हुकमसिंगला म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा ते हसले.

टाकीतलं विषारी पाणी आम्ही रिकाम्या डबक्यात काढून ठेवलं होतं. नव्या पाण्यात ते विरजण सोडलं, गूळ दिला, हवा पूर्ण उघडली. पण दही रात्रीत लागतं, गाळ नाही. पाहणीच्या दिवशी टाकीत तपकिरी छटा आली होती. शेवटच्या तळ्यातलं पाणी मात्र अजून गढूळच होतं.

सकाळी हुकमसिंग हळूच म्हणाला, "साब, ट्यूबवेल का पानी तालाब में छोड़ देते हैं. शीशे जैसा दिखेगा. किसी के बाप को पता नहीं चलेगा."

मला ती युक्ती पटली होती, हे सांगून टाकते. नोकरी माझीही जाणार होती. साहेब म्हणाले, "हुकमसिंग, झील को पता चलेगा. उसको मैं क्या बोलूँ?" आणि विषय संपला.

सचिव पांढऱ्या अँबॅसिडरमधून उतरले. बारीक अंगाचे, नाकाला रुमाल. मागे फाइल धरलेला सहायक. मिसेस खन्ना आणि मंडळाच्या बायका हार घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी सगळ्यांना टाकीशेजारी बसवलं. सचिवांनी तळ्याकडे पाहिलं.

"पानी तो गंदा है."

"जी सर. प्लांट आज बीमार है. इतवार को मर गया था."

सहायकाने फाइल उघडली. सचिव म्हणाले, "फिर आप मुझे दिखा क्या रहे हैं?"

"तारीख़ आपने दी थी सर, प्लांट ने नहीं."

मी जमिनीकडे बघत राहिले. सचिवांनी शांतपणे विचारलं, "मरा कैसे?"

"मेरी ग़लती. मैंने लोगों को यहाँ रहने को बुलाया, खूब पानी छोड़ने को बोला. क्या नहीं छोड़ना है, ये सिखाना भूल गया."

मग मिसेस खन्नांच्या हातातला हार खाली आला. "फिनाइल," त्या पुटपुटल्या. "हे भगवान. सर, फिनाइल तो हमने डाली थी! सबने! इनकी इज़्ज़त के लिए!" आणि साहेबांकडे वळून जवळजवळ रागावूनच म्हणाल्या, "आपने उस दिन मुझे चाय पिलाई! बताया क्यों नहीं?"

"आप इतना काम करके आई थीं, बहनजी," साहेब म्हणाले.

हुकमसिंगने तेवढ्यात कप आणले. सचिवांनी कप घेतला. रुमाल गुडघ्यावर ठेवला. एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि टाकीकडे, मग झिलीकडे पाहिलं. झडप बंद होती, चिखल सुकायला लागला होता आणि त्यावर एक बगळा उगाच उभा होता.

"कितने दिन लगेंगे?"

"बारिश तक, सर."

"बारिश के बाद आऊँगा," सचिव म्हणाले आणि सहायकाला फाइल बंद करायची खूण केली. दिल्लीत सही न झालेली फाइल जिवंत असते, हे मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्यामुळे जाणून होते. साहेबांना ते ठाऊक नव्हतं, मला समजावून सांगावं लागलं.

ते पावसानंतर आले नाहीत, हिवाळ्यात आले, न कळवता. साहेबांनी संध्याकाळची भरती नुकतीच सोडली होती आणि बदकं उतरत होती. सचिवांनी चहा मागून घेतला. प्रस्तावाचं पुन्हा कधी ऐकलं नाही. आज झिलीला कुंपण आहे, पाटी आहे, लोक दुर्बिणी घेऊन येतात. पाटीवर साहेबांचं नाव नाही. पण वसाहतीत घर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मिसेस खन्ना अजूनही बजावतात, "फिनाइल ढक्कन भर. बस. हमारा प्लांट ज़िंदा है." आणि त्या विरजणाचाच गाळ आज आमच्या टाकीत आहे.

कॅन घासून झाले. उन्हात पालथे घातलेत.

१२ जून. सकाळी सहालाच टाकीवर गेले. कॅन भरले, थोडी हवा ठेवून. टेम्पोत मागे स्वतः बसले. गुडघे दुखतात, पण बांबू मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. नव्या प्लांटवरची इंजिनिअर तिशीची आहे, नेमणूक नवी, नाकावर ओढणी. टाकी कोरी, पाणी थोडं, आजूबाजूला रिकामे टॉवर. मी कॅन टाकीत ओतले, हवा उघडायला लावली आणि ऑफिसातून दोन खुर्च्या टाकीशेजारी मागवल्या. चहा आला. ओढणी खाली आली. नंतर मी दोरीचा मग आत सोडला, वर घेतला, तिच्या हातात दिला आणि कोकणात फोन लावला.

पलीकडून ओरडून पहिला शब्द आला, "वास?"

मी फोन तिच्यापुढे धरला. "पूछ रहे हैं, बू कैसी है. ज़ोर से बोलना, कम सुनते हैं."

तिने मग नाकाशी नेला, पुन्हा एकदा हुंगला आणि रिकाम्या टॉवरांत घुमेल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मिट्टी की, सर!"